न आलेल्याच्या नावाची बुडी

लाइट आता लवकर येत नाही. कंदील जरा इकडे सरकवा आणि बसा. कुंडाची गोष्ट तुम्ही विचारलीत म्हणून सांगतो. मी होऊन कधी काढत नाही. सांगताना मान खाली जाते.

गुडगावात तेव्हा नुसत्या इमारती उगवत होत्या. काल मोहरीचं शेत, आज तिथे काचेचं ऑफिस. आमचा सुधन्वा अशाच एका कंप्युटरच्या कंपनीत लागला होता. मी फौजेत लांगरी, म्हणजे स्वयंपाकी. उभा जन्म पलटणीच्या रोट्या भाजल्या, अक्षराशी कधी गाठ पडली नाही. पोरगा शिकला, फाडफाड इंग्रजी बोलायला लागला, याचं आम्हा नवराबायकोला इतकं कौतुक, की तो घरात आला की आम्हीच हळू बोलायचो.

त्या पोरांना डोंगर चढायचा नाद लागला होता. दिवाळीच्या सुट्टीत सुधन्वा आणि त्याच्या ऑफिसातले दोघे, पद्माकर आणि महेश, गढवालात बर्फावर जाऊन आले. आले ते अंग मोडून. पोटऱ्या दगड झालेल्या, सुधन्वाच्या पायाची बोटं निळी पडलेली. जेवायचा नाही, नीट बोलायचा नाही. दमलाय, असं आम्ही धरून चाललो.

पद्माकरने तोड काढली. गुडगावच्या पुढे सोहन्याच्या बाजूला गरम पाण्याची कुंडं आहेत, रविवारी सकाळभर पाण्यात बसू, सगळे सांधे मोकळे होतील. आमची कृष्णाबाई, सुधन्वाची आई, म्हणाली, यांनाही न्या, यांच्या हाताला मालिशची सवय आहे. आणि मला म्हणाली, "माझे गुडघे काही पायऱ्या उतरायचे नाहीत. माझ्या नावाची एक बुडी मारून या."

ही आमच्याकडची रीत. तीर्थाला जो जातो त्याने स्वतःची बुडी मारायची आणि मागे राहिलेल्यांच्या नावाची वेगळी. मनापासून बोलावून मारली, की पाणी त्याच्या अंगाला लागतं म्हणतात.

रविवारी निघालो तर धुकं असं, की गाडीपुढचा रस्ता दिसेना. खोबरेल तेलाची बाटली मी बरोबर घेतली होती. दिल्लीच्या थंडीत ते थिजून पांढरा दगड होतं. ऊब लागून सुटावं म्हणून वाटभर बाटली पोटाशी धरून बसलो. पोरांपैकी कोणी टेपसुद्धा लावली नाही.

कुंड आतल्या एका खेड्यात होतं. जुना घुमट, खाली उतरत गेलेल्या दगडी पायऱ्या, तळाशी काळं पाणी. गंधकाचा वास नाकात बसणारा. पाण्यातून वाफ वर येत होती, दारातून धुकं आत येत होतं, आणि दोन्ही मिसळून हातभर अंतरावरचा माणूस नुसता सावलीसारखा दिसत होता. आमच्याखेरीज तिथे कोणी नव्हतं.

मी धोतर सोडून लंगोटीवर उभा राहिलो. सुधन्वा जवळ आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "बाबा, हाफ पँट तरी आणायची ना... प्लीज." महेश दुसरीकडे बघत होता. फौजेत सगळे तसेच आंघोळ करायचे, मला सुचलंच नव्हतं. इतकं ओशाळल्यासारखं झालं, की गडबडीने गळ्यापर्यंत पाण्यात शिरलो.

पाणी कढत होतं. पहिली बुडी माझी मारली. दुसरी कृष्णाबाईचं नाव घेऊन. मग मनात आलं, पोरांच्याही वाटचं काही करावं. मी विचारलं, "डोंगरावर तुमच्यासोबत होता आणि आज इथे नाही, असं कोणी आहे का रे? असेल तर त्याच्याही नावाची मारतो."

घुमटावरून थेंब पडत होते, तेवढाच आवाज.

"काका, छोडो ना," पद्माकर म्हणाला.

मला वाटलं, पोरांना रीत जुनाट वाटत असेल. मीच हात जोडले. जो पोरांबरोबर चढला आणि इथे येऊ शकला नाही, त्याच्या नावाने, असं म्हणून बुडी मारली. पाण्याखाली होतो तेव्हा पायाला काहीतरी गार चाटून गेलं. झरा असेल म्हटलं.

मग तेल घेतलं. चांगलं पातळ झालं होतं. पोरं पायरीवर माझ्याकडे पाठ करून बसली आणि मी एकेकाची पाठ चोळत सरकत गेलो. पद्माकरला बरं वाटलं असावं, म्हणाला, "काका, क्लबमध्ये मालिशवाले म्हणून लागा, साहेब लोकांची लाइन लागेल." मग महेश. मग सुधन्वा. त्याच्या खांद्याखालचा तीळ मी लहानपणापासून ओळखतो. तिथून पुढच्या पाठीवर हात ठेवला.

हात चालला होता, पोरं तर तिघंच, हे डोक्यात मागून आलं. तेल तळहाताखाली ओढायला लागलं. आधी चिकट झालं, मग मेणासारखं थिजलं. कढत पाण्यात, वाफेत... आणि खोबरेल थिजलं. पाठ अगदी हाडकुळी. दोन्ही खांद्यांवर दोराचे वळ, ओझं वाहणाऱ्याचे असतात तसे, बोट बुडेल एवढे खोल. आणि ती पाठ कापत होती.

"बाबूजी..." फार हळू आवाज आला. "साहब लोग पहुँच गए ना?"

माझा हात निघेना. तोंडातून आपोआप गेलं, "हाँ बेटा. सब पहुँच गए."

"अच्छा हुआ... उनसे कहना, जल्दी नहीं है... मैं वहीं बैठा हूँ।"

वाफ हलली. पायरी रिकामी होती. पोरं केव्हाच वर जाऊन अंग पुसत होती.

बाहेर चहाच्या टपरीवर बसलो. ऊन पडू बघत होतं. मी विचारलं, डोंगरावर चौथा कोण होता. पद्माकरने ग्लास खाली ठेवला आणि सुधन्वाकडे पाहिलं. सुधन्वाने मग मान न वर करता सगळं सांगितलं. सामान वाहायला तिथल्याच गावचा शंभू नावाचा माणूस घेतला होता. बर्फात त्याचा पाय मुरगळला. हवा बिघडत होती. तोच म्हणाला, तुम्ही उतरा, मी बसतो. त्याला एका खडकाशी टेकवून, घोंगडी पांघरवून, खालून माणसं पाठवतो असं सांगून ही तिघं उतरली. खाली हमाल पुरवणाऱ्या ठेकेदाराने विचारलं, तर कोणीतरी म्हणालं, मागून येतोय. गाडी उभी होती. सुट्टी संपत आली होती. तिघांनाही वाटलं, दुसरा सांगेल. मग कोणी सांगितलंच नाही.

सकाळी मला लंगोटीची लाज वाटली होती. ती किती हलकी होती, हे तिथे कळलं. पोराच्या तोंडाकडे बघवेना. कुंडात ऐकलेलं मी त्याला सांगितलं नाही. ज्याला तू टाकून आलास तो तू पोचलास म्हणून सुखावला, हे बापाने पोराला कसं सांगायचं?

"ठेकेदाराला फोन कर," एवढंच म्हटलं.

"यार, पुलिस केस होईल," पद्माकर पुटपुटला. सुधन्वा उठला. समोरच एसटीडीचा बूथ होता. मालक टपरीवरच चहा पीत होता, त्याला न विचारताच आत शिरला. मी दाराबाहेर उभा राहिलो. त्याने नंबर फिरवला आणि बराच वेळ नुसता ऐकत राहिला. मग फटीतून त्याचा आवाज आला.

"हाँ... पहुँच गए. सब पहुँच गए."

पुन्हा ऐकत राहिला. डोळे पुसले.

"नहीं... मैं आता हूँ."

बाहेर आला तेव्हा ओठ पांढरे पडले होते. "बाबा, आईला माझी बॅग भरायला सांगा. तो अजून तिथेच बसलाय."

"कोण म्हणालं?"

तो तसाच गाडीकडे गेला. तेवढ्यात बूथवाला ग्लास हातात घेऊन लगबगीने आला. म्हणाला, "बाबूजी, बेटे से कहिए यहाँ से फोन नहीं होगा, कल शाम से लाइन मरी पड़ी है।"

सुधन्वा त्याच संध्याकाळी एकटा गेला. गावात जाऊन शंभूच्या बायकोसमोर उभा राहिला, सगळं कबूल केलं. गावकऱ्यांबरोबर वर चढला. परत आला तेव्हा माझ्यासमोर खाली बसला. खडक सापडला, म्हणाला. घोंगडी नीट घडी करून ठेवलेली होती. शेजारी बर्फात माणूस बसल्याचा खळगा होता, माणूस नव्हता. येण्याजाण्याची पावलंही नव्हती. आजूबाजूला सगळं गोठलेलं, आणि खळग्यात हात घातला तर कोमट लागला.

"पण बाबा," तो म्हणाला, "तिथे खोबरेल तेलाचा वास कसा येत होता?"

मी तळहात मिटून घेतला.