पळसदेवचा उंबरा

आमच्या कन्हेरीत लाइट गेली की रामहरी तात्या ओट्यावर बसून पोरांना हे सांगतात. गोकुळ त्यांचा सख्खा मावसभाऊ, त्यामुळं थापा म्हणायची सोय नाही.

चोवीस सालच्या उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी पार आटलं. बुडालेलं जुनं पळसदेव वर आलं. देऊळ, भिंती, चौथरे. नव्या पळसदेवात गोकुळचं घर बांधून झालं होतं, दाराला उंबरा तेवढा राहिला होता. तो ट्रॅक्टर घेऊन गेला नि बुडालेल्या आपल्याच घराचा दगडी उंबरा गाळातून उपसून आणला.

त्याची म्हातारी आई साखरबाई बघून मटकन खाली बसली.

"कुणाला इचारून आणलास?"

"आपलाच हाय की. धरणाला फुकट ठिवायचा व्हय?"

गाव धरणात गेलं, तेव्हा साखरबाईच्या सासऱ्यानं त्याच उंबऱ्यावर उभं राहून घरातल्या मेलेल्यांना नावानं हाक मारली होती. चला, आता तिकडं राहायचं. रीतच तशी. हाक मारली नाही तर मेलेलं माणूस मागं राहतं. सगळ्यांना बोलावलं. साखरबाईची तापानं गेलेली लेक तेवढी सोडली, नकोशी. "पोरीला कशाला न्यायचं?" म्हणाला. "मढं बशिवलं त्याचं," साखरबाई अजून म्हणायची. पोरगी राहिली पाण्याखाली.

उंबरा बसवला, त्या रात्री वैशाखातली अवस होती. गोकुळची बायको अनिता बाळंतीण, कोवळी लेक झोळीत. वारं पडलेलं. दारावर थाप पडली. अगदी खाली. लेकराचा हात पोचेल तिथं.

"आये... मला न्हाय बोलावलं."

गोकुळ पुटपुटला, "आये, ओ दिऊ नगंस. घरात पोर हाय."

"ती बी माझी पोरच हाय."

पुन्हा थाप.

"मग तिला तरी धाड... खेळायला."

झोळी हलली. कुणी हात लावला नव्हता. दाराच्या अंगाला झुकली... तशीच राहिली.

साखरबाई उठली. "दोघं बी झोळी धरा. सोडू नगा." कडी काढली. उंबऱ्यात बसली.

"ये, नकोशे. माझ्यापाशी ये."

बाहेर अंधार. गाळाचा वास. दिवा गेला.

मग काहीच नाही...

उजाडलं तेव्हा साखरबाई चौकटीला टेकून बसलेली. गेलेली. अंगावर थेंब नाही. झोळीत पोर झोपलेली.

धरण उतरल्यावर दगडावर राहते ना, तशी गाळाची रेघ चारी भिंतींना उठली होती. अजून चुन्याखालून वर येते. बसलेल्या म्हातारीच्या डोक्यावरून गेलेली, नि झोळीच्या बुडाखाली चार बोटांवर थांबलेली.