सपाट रेघ

मेलेल्या हाताला कुणी घाबरतं का? छोटीने ताईला हे सतरांदा विचारून झालं होतं. छोटी इस्पितळात नसांची तपासणी करायची. बारा वर्षं हीच खोली, हेच मशिन. तीन महिन्यांपूर्वी भावोजींचा उजवा हात लुळा पडला तेव्हा, खरं सांगायचं तर, तिला बरंच वाटलं होतं. त्याच हाताने ताईच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. पण ताईचं म्हणणं, मार थांबलेला नाही.

"ते पलंगावर पडून असतात गं, मी ओट्याशी. तरी कानाखाली बसतेच."

"भीती आहे ती तुझी. उद्या त्यांची तपासणी आहे ना, समोर बस. आपल्या डोळ्यांनी बघ, म्हणजे सुखाने झोपशील."

म्हणून आज ताई दाराजवळच्या स्टीलच्या खुर्चीत बसली होती. कानांत आईचे मोती. भावोजींचा पलंग खोलीच्या दुसऱ्या टोकाला.

छोटीने तो हात उताणा ठेवला, अंगठ्याच्या बुडाशी पट्टी चिकटवली, वायर मशिनला जोडली. मनगटाशी शॉक दिला की जिवंत नस अंगठा उडवते आणि पडद्यावर लाट उठते. नस मेली असेल तर रेघ सपाट. इतकं सरळ काम.

"हळू हं, मेहुणीबाई," भावोजी हसले.

तिने बटण दाबलं. टक् आवाज झाला. अंगठा हलला नाही, रेघही नाही.

"बघितलंस?" म्हणत ती वळली.

ताईची मान एका बाजूला फिरली होती. डाव्या गालावर चार बोटं उमटत होती.

असं कसं होईल? दाराची कड लागली असेल. छोटीने स्वतःला समजावलं. पहिल्या शॉकला उत्तर नाही आलं तर वाढवून पाहायचं, हा तर नियमच. तिने शॉक दुप्पट केला. या वेळी मात्र पडद्याकडे पाहिलं नाही, ताईकडे पाहिलं.

टक्.

ताई खुर्चीसकट भिंतीवर आदळली. ओठ फुटला, नाकातून रक्ताची धार लागली. सवयीने तिने फक्त तोंडापुढे हात आडवा धरला.

बटण आपण दाबलं होतं. छोटीने वायर ओढून काढली, मशिन बंद केलं.

"ताई, बाहेर पळ!"

"कुठे पळू?" ताई भिंतीला धरून उठली. "सांगत होते ना तुला? सुंभ जळला तरी पीळ जात नाही."

ती गेली. दार लागलं.

"झालं एवढ्यात?" भावोजी म्हणाले. "मला तर काही कळलंच नाही."

बाहेर काहीतरी जड पडलं.

मग पुन्हा.

मग पुन्हा.

छोटी धावली. ताई फरशीवर पडली होती. डोळे अर्धे उघडे, छाती हलत नव्हती. डाव्या कानाची पाळी फाटून लोंबत होती. माणसं जमली, कुणी स्ट्रेचर आणलं, ताईला घेऊन गेले.

छोटी खोलीत परतली. मशिन बंद होण्याआधीच तपासणीचा कागद छापून आला होता. सपाट रेघ, खाली दोन शब्द: प्रतिसाद नाही.

भावोजी डोळे मिटून पडले होते. हात तिने ठेवला होता तसाच उताणा होता. फक्त मूठ मिटलेली होती.

तिने एकेक बोट उघडलं. बोटांत जराही जोर नव्हता.

तळव्यावर आईचा मोती होता, ओला आणि अजून गरम.