अगस्ती उडालेच नव्हते

कॅप्टन रेवतीच्या मृत्यूचा भाग प्रसारित झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी केतकी वालावलकर कोल्हापूरबाहेरच्या चित्रीकरण केंद्रात जरा लवकरच पोचली. प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया तिला नियंत्रणकक्षातल्या मोठ्या पडद्यावर वाचायच्या होत्या. हा भाग तिने जीव ओतून लिहिला होता. 'अगस्ती' यानाच्या कवचाला तडा जातो, रेवती बाहेर जाऊन तो बुजवते. पण तिला परत घ्यायला दार उघडले तर मुलांच्या कक्षातली हवा निसटणार, म्हणून दार उघडू नका असे तीच आतल्यांना सांगते. हे लिहिताना केतकी स्वतः दोनदा टेबलावरून उठून गेली होती.

प्रतिक्रिया हजारोंनी आल्या होत्या. रडलेले मात्र कोणी नव्हते.

'रेवती मेलीबिली काही नाही,' एकाने लिहिले होते. 'बाहेर म्हणजे कुठे, तर खाणीच्या बोगद्यात. बसली असेल चहा पीत.' त्याखाली हसणाऱ्यांची रांग लागली होती. दुसऱ्या एका बाईंनी रेवतीच्या शिरस्त्राणावर मातीचा कण दिसतो, अवकाशात माती कुठून आली, असा सवाल केला होता. केतकीने खुर्ची मागे सरकवली आणि डोळे मिटून घेतले.

'पैलतारा' ही तिची मालिका. काही कुटुंबे यानात बसून एका दूरच्या ताऱ्याकडे निघतात. पोचणार आहेत ती त्यांची नातवंडे. एवढीच गोष्ट, आणि ती सरळ. मालिका लिहायला लागण्यापूर्वी केतकी उपग्रहांच्या कक्षा मोजायचे काम करत असे. माणसाने इतके लांब जायचे ठरवले तर त्याला काय काय सोडावे लागेल, हे तिला प्रामाणिकपणे दाखवायचे होते. त्यात गुपित म्हणून काही ठेवलेलेच नव्हते.

पण दुसऱ्या वर्षी कुणाच्या तरी डोक्यात आले की अगस्ती उडालेलेच नाही. यान एका बंद पडलेल्या खाणीत पुरलेले आहे, आतल्या लोकांवर प्रयोग चालू आहे, आणि लेखिका हे हळूहळू उलगडणार आहे. असे मानणाऱ्यांना लोक जमिनीवाले म्हणू लागले, आणि वर्षभरात जमिनीवाले नसलेला प्रेक्षक शोधावा लागायची वेळ आली. केतकीच्या सख्ख्या मावशीनेसुद्धा तिला बाजूला घेऊन विचारले होते, की मला तरी सांग.

त्यांचे म्होरके म्हणजे इचलकरंजीचे हुपरीकर सर, गणिताचे निवृत्त शिक्षक. अत्यंत सज्जन माणूस, आणि म्हणूनच जास्त त्रासदायक. ते दर आठवड्याला फोन करून नवा पुरावा सादर करत, तिने नाही म्हटले की 'बरोबर आहे, तुम्हाला बोलता येत नसणार' असे समजूतदारपणे म्हणत आणि तब्येतीला जपायला सांगून फोन ठेवत. त्यांच्याशी भांडताही येत नसे.

त्या सकाळी केतकीने यास्मिन बागवानला बोलावून घेतले. यास्मिन केंद्रातली पार्श्वपूरकाची अभियंता. चित्रीकरण होई ते फक्त नटांचे आणि त्यांच्या हाताखालच्या चार वस्तूंचे. बाकीचे सगळे, म्हणजे नटांच्या पोशाखांवरचे आणि हालचालींतले बारकावे, यानाच्या भिंती, खिडकीबाहेरचे तारे, पलीकडच्या कक्षातली कुजबुज, पार्श्वपूरक हे यंत्र भरून काढत असे.

केतकीने तिला त्या बाईंनी प्रतिक्रियेला जोडलेल्या चित्रातला मातीचा कण दाखवला आणि हा कोणी घातला, असे विचारले.

यास्मिनने उत्तर देण्याऐवजी शेजारच्या दोन पडद्यांवर तोच प्रसंग लावला. एका पडद्यावर रेवतीचे शिरस्त्राण स्वच्छ होते. दुसऱ्यावर त्यावर माती तर होतीच, शिवाय मागच्या पोलादी छतातून झाडाचे एक बारीक मूळ खाली आले होते.

"हा डावीकडचा तुमच्या घरी दिसतो तो," यास्मिन म्हणाली. "आणि हा हुपरीकर सरांच्या घरी दिसतो तो."

केतकीला प्रथम काही कळेना. भाग एकच असताना दोन घरी दोन चित्रे कशी?

"भाग एकच आहे, ताई. पण मागचं चित्र आधी काढून ठेवलेलं नसतं. बघणारा बघायला बसला की त्याच्यासाठी त्या वेळी काढलं जातं. टीव्हीवरचा कॅमेरा त्याची नजर मोजतो. नजर जिथे थांबते, जिथे माणूस चित्र थांबवून मागे नेतो, तिथे यंत्र तशाच गोष्टी जास्त घालतं. जिकडे कोणी बघत नाही ते पुसट करतं."

"आणि मी लिहिलेलं?"

"ते त्याला मोडता येत नाही. तुम्ही खिडकीत तारे लिहिले तर तारेच दाखवणार. पण छत कसं आहे ते तुम्ही लिहिलं नव्हतं. तुम्ही मोकळं सोडलेलं सगळं त्याचं."

केतकीने ते मूळ जवळ जाऊन पाहिले. म्हणजे हुपरीकर सर खोटे बोलत नव्हते. त्यांना पुरावा दिसत होता, कारण ते पुरावा शोधत होते. आणि तेच शोधणाऱ्या सगळ्यांना यंत्र तेच दाखवत असल्यामुळे त्यांचे आपसात एकमतही होत होते.

"मग मी जे उघड सांगते तिकडे कोण बघतं?"

यास्मिनने जरा चाचरत सांगितले, की उघड गोष्टीवर नजर ठरत नाही. ती कानाने कळते आणि माणूस पुढे जातो. नजर ठरते ती लपलेल्या गोष्टीवर. त्यामुळे यंत्र फक्त लपलेलेच वाढवत जाते.

केतकीने वाहिनीच्या वरिष्ठांना गाठून पार्श्वपूरक बंद करायची मागणी केली. त्यांनी तिचे शांतपणे ऐकून घेतले. यंत्र बंद केले तर पडद्यावर काळ्या पोकळीत चार माणसे आणि एक टेबल उरेल, हे त्यांनी तिला समजावले. आणि लोक एकेक भाग पाच पाच वेळा बघत आहेत, तर तक्रार नेमकी कसली आहे, हेही विचारले. तिला हवे असेल तर तिने मुलाखत देऊन खुलासा करावा.

तिने मुलाखत दिली. कॅमेऱ्याकडे सरळ बघत तिने सांगितले की अगस्ती उडाले आहे, रेवती मेली आहे, आणि कुठेही काहीही लपवलेले नाही. यापेक्षा स्पष्ट मराठीत सांगणे तिला शक्य नव्हते.

दुसऱ्या दिवशी हुपरीकर सरांचा फोन आला. त्यांचा आवाज भरून आला होता. ते म्हणाले की तिने किती खुबीने सूचना दिली, हे बघून ते थक्क झाले. "तुमच्या मागे फळीवर पुस्तकांच्या शेजारी ते मातीचं ढेकूळ ठेवलं होतंत ना, मॅडम, तिथेच मी समजलो."

मुलाखत त्याच वाहिनीवरून गेली होती. तिच्यामागची फळी पार्श्वपूरकाने भरली होती. केतकीने फोन ठेवला आणि यास्मिनसमोर टेबलावर डोके टेकले. यास्मिनने तिला पाणी आणून दिले आणि ती शेजारी बसली.

आता फक्त शेवटचा भाग उरला होता. केतकीच्या मनात तो पहिल्या दिवसापासून तयार होता. रेवतीची नात यानाचे दार उघडते आणि परक्या ग्रहावर पहिले पाऊल टाकते. त्या ग्रहाचा सूर्य जुळा, त्यामुळे तिथे रोज दोन सूर्य उगवतात. पण ते पाऊल बघून लोक काय म्हणणार, हे तिला आता ठाऊक होते. ते हसतील, आणि दोन सूर्यांतला एक दिवा कसा आहे हे एकमेकांना दाखवतील. रेवती मेली त्याच रीतीने नातही पोचेल, कुणाच्याही लेखी न पोचता. तिला या सगळ्याचा मनापासून वीट आला होता.

तिने यास्मिनला सांगितले, की त्यांना हवे ते घेऊ देत. आणि एका बैठकीत तिने नवा शेवट लिहून टाकला. दार उघडते. बाहेर जमीन असते, सकाळ असते. एक म्हातारा अधिकारी पुढे येऊन सांगतो, की तुम्ही पृथ्वीवरच आहात, कुठेही गेला नव्हतात, प्रयोग संपला. दृश्याच्या वर्णनात तिने 'जमीन, सकाळ' एवढेच दोन शब्द ठेवले. जास्त लिहायची इच्छाच नव्हती.

भाग प्रसारित झाला. जमिनीवाल्यांनी एक दिवस पेढे वाटले, आणि मग सगळीकडे शांत झाले. हुपरीकर सरांचा फोन आला नाही. केतकी गावी आजऱ्याला भावाकडे जाऊन राहिली, काजूच्या बागेत हिंडली. पुढे एकदा यास्मिनने सहज कळवले की रेवतीच्या भागातली माती नाहीशी झाली, छतातले मूळही गेले. खाण आता सगळ्यांना माहीत झाली होती. ती शोधायला कोणी थांबत नव्हते, तेव्हा यंत्राने ती सोडून दिली होती.

उन्हाळ्याच्या शेवटी हुपरीकर सर स्वतः आजऱ्याला आले. पत्ता तिच्या मावशीकडून मिळवला होता. पांढरा सदरा, हातात आंब्यांची पिशवी. केतकीने त्यांना पडवीत बसवले, वहिनीने सरबत आणून दिले. पाहुण्याशी वाकडे बोलायचे नाही असे केतकीने ठरवले होते, तरी आता यांना आणखी काय हवे, हा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर असणारच.

सर म्हणाले की शेवटचा भाग पाहून ते फार नाराज झाले. प्रयोग होता, संपला, एवढे सोपे उत्तर तिच्यासारखी बाई देईल यावर त्यांचा विश्वास बसेना. म्हणून ते पुन्हा पुन्हा बघत राहिले, आणि एकटेच नाही, तर राज्यभरातले लोक बघत राहिले. आणि मग त्यांना ते दिसले.

"त्या सकाळी बाहेर आलेल्या मुलीला दोन सावल्या आहेत, मॅडम. एक गडद, एक फिकट. मी कोन मोजले. पृथ्वीवर एका सूर्याला दोन सावल्या पडत नाहीत."

केतकीच्या हातातला पेला तसाच राहिला.

सर सांगत होते. तो अधिकारी खोटे बोलतो आहे. यान खरेच पोचले आहे, आणि तिथे आधी पोचलेल्या कुणी तरी त्यांना फसवले आहे. जुने सगळे भाग त्यांनी पुन्हा पाहिले. खिडकीतले तारे महिन्यामहिन्याला थोडे थोडे सरकलेले आहेत, जसे प्रवासात सरकतील तसेच. मुले यानात वाढली म्हणून त्यांची चाल वेगळी आहे. केतकीने यातले काहीही लिहिले नव्हते. लिहायला हवे होते, असे तिला ऐकताना वाटत होते.

"म्हणजे रेवती खरंच मेली," सर म्हणाले. त्यांनी चष्मा काढला. "मी हसलो होतो हो त्या वेळी. आता तो भाग लावला की मला शेवटपर्यंत बघवत नाही. पोरांसाठी तिनं दार बंदच ठेवायला लावलं. आमच्या घरी सगळे रडले."

 होय, असेच आहे, ही गोष्ट मी पहिल्या दिवसापासून हीच सांगत होते, असे म्हणायला केतकीने तोंड उघडलेसुद्धा.

सर पुढे झुकले. "एकदाच खरं सांगा, मॅडम. मी कुणाला बोलणार नाही. अगस्ती पोचलं ना?"

तिने हो म्हटले असते तर संध्याकाळपर्यंत ते महाराष्ट्रभर झाले असते. गोष्ट उघड झाली असती. मग दुसरी सावली शोधायला कोणी थांबले नसते, आणि यंत्राने ती पुसून टाकली असती. ताऱ्यांचे सरकणे पुसले असते. रेवती पुन्हा बोगद्यात चहा पीत बसली असती.

केतकीने पेला खाली ठेवला.

"नाही सर," ती म्हणाली. "अगस्ती कधी उडालंच नव्हतं."

हुपरीकर सरांनी तिच्याकडे क्षणभर निरखून पाहिले. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. त्यांनी चष्मा परत चढवला आणि अगदी समजूतदारपणे मान हलवली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "तुम्हाला बोलता येत नसणार."