त्र्याण्णव गुणांची झोप

सोमवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी डॉ. देशिंगकरांनी डोळ्यांवरचा निद्राचष्मा काढला. पडद्यावर आकडा उमटला: त्र्याण्णव.

मिरजेतल्या त्या खासगी रुग्णालयात रात्रपाळी संपली की प्रत्येकाला हा चष्मा लावून पाऊण तास पडावं लागे. आत ज्याच्या त्याच्या आवडीचं दृश्य उलगडे, श्वास संथ होई, झोप लागे. शेवटी शंभरपैकी विश्रांतीचे गुण मिळत. ऐंशीच्या वर गेलात की पुढच्या ड्युटीला तयार. रात्रपाळीनंतरची सुट्टी त्यामुळेच बंद झाली होती.

नोंदवही घेऊन उभ्या असलेल्या वैजयंता सिस्टरने मात्र पाऊण तास डॉक्टरांचे पाय पाहिले होते. वॉर्डातली बेल पाच वेळा वाजली. पाचही वेळा मोज्यातली बोटं आखडली. माणूस झोपलाच नव्हता. चष्मा पापण्या आणि श्वास मोजतो. कान उघडे ठेवून निश्चल पडायची सवय रात्रपाळीवाल्यांच्या अंगात मुरलेली असते, हे तो बनवणाऱ्यांना ठाऊकच नव्हतं.

वैजयंताची सहकारी नर्स अंजुम हिने हे सांगून पाहिलं होतं. दोन वर्षांपूर्वी, सलग चौथ्या रात्री, तिच्याकडून सलाइनमधल्या औषधाचा वेग चुकला आणि म्हातारा रुग्ण दगावला. "सर, मी झोपले नव्हते, नुसती पडून होते," ती चौकशीत म्हणाली. वैजयंतानेही त्या रात्रीआधीच्या सकाळी वहीत शेरा लिहिला होता: 'सिस्टर जाग्या वाटतात.' रुग्णालयाचे प्रमुख म्हणून देशिंगकरांनी तो लाल शाईने खोडला. "यापुढे मत नको, फक्त गुण लिहा. यंत्र खोटं बोलत नाही." अंजुमची नोकरी गेली, नर्स म्हणून नोंदणीही गेली. आता ती वैजयंताचाही फोन उचलत नाही.

"किती?" देशिंगकरांनी विचारलं.

"त्र्याण्णव, सर."

"बघा! तीन रात्री सलग काढल्यात मी. तुम्हीच उगाच कुरकुरता."

"शेरा लिहू, सर?"

"नियम माहीत नाही?"

"आहे ना. तुमचाच आहे."

तिने वळणदार अक्षरात आकडा लिहिला. त्यांनी न वाचता सही ठोकली. नऊला त्यांना एका रुग्णाची पित्ताशयाची शस्त्रक्रिया करायची होती. दोन वर्षं वैजयंता याच सकाळची वाट पाहत होती.

पावणेनऊला स्ट्रेचरवरून रुग्ण आली. तिशीतली बाई, नाव रुक्साना, भलतीच बोलकी.

"सिस्टर, डॉक्टरांची झोप झालीय ना? आमचे हे ट्रक चालवतात. न झोपता स्टिअरिंगला हात लावला तर मी चावी लपवते!"

वैजयंताने तिच्या अंगावरची चादर सारखी केली. "गुण चांगले पडलेत," ती म्हणाली. खोटं एक अक्षर नव्हतं. तरी चादर तिने पुन्हा एकदा सारखी केली.

नऊ वाजून चार मिनिटांनी शस्त्रक्रियागृहाचा लाल दिवा लागला. शस्त्रक्रिया थांबवू शकणाऱ्या आतल्या भूलतज्ज्ञांचा अंतर्गत फोनवरचा नंबर दोन आकडी होता. नऊ वाजून सहा मिनिटांनी वैजयंताने पहिला आकडा दाबला होता, आणि तिचं बोट दुसऱ्यावर टेकलेलं होतं.