अँटेनाजवळ कोण उभं आहे?

ही गोष्ट खरी आहे.

खोटी रचायची असती तर मी त्यात निदान स्वतःला थोडं उंच केलं असतं.

वेळ रात्रीची नाही. सॉरी. दुपारचे सव्वातीन. मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५. जागा, चामटोलीच्या अलीकडचं एक मोकळं मैदान. मैदानात क्रिकेटची पिच आहे. त्या दिवशी पिचवर एक म्हैस बसली होती. स्मशान नाही, पिंपळ नाही, घुबड नाही. म्हैस. मी काय करू?

माझं नाव प्रज्वल. राहायला अंबरनाथ, बुवापाडा. आमचा मंडप डेकोरेशनचा धंदा. म्हणजे माझ्या मोठ्या भावाचा, कैलासदादाचा. दादा डिसेंबरमध्ये गेला. तेव्हापासून माझा.

कसा गेला, ते सांगतो. एकदाच सांगतो.

बदलापूरच्या पुढे एका फार्महाऊसवर लग्न होतं. पिकअपमध्ये फुलांची कमान. मी चालवत होतो. दादा मागे हौद्यात उभा, केबिनमागचा दांडा धरून, कमान सांभाळत. आमच्या धंद्यात सगळे असेच जातात. एक पुढे, एक मागे उभा. मागच्याने केबिनच्या टपावर थाप मारली की पुढच्याने थांबायचं. एवढीच सेफ्टी.

थाप पडली नाही.

एका वळणानंतर मी आरशात पाहिलं. कमान होती...

दादा नव्हता.

मी दीड किलोमीटर मागे आलो. तो रस्त्यावर होता. श्वास चालू होता. फोनला रेंज नव्हती. मी फोन धरलेला हात वर करून रस्त्यावर इकडून तिकडे धावत होतो, लोक सेल्फीसाठी करतात तसा. पाऊण तास. मग श्वास नव्हता.

दहाव्याला कावळा पहिल्याच मिनिटाला शिवला. भटजी म्हणाले, सुटला. म्हणजे आमच्या बाजूने कागदपत्रं पूर्ण.

मला रडू आलं नाही. दाताचा डॉक्टर इंजेक्शन देतो आणि मग आपला गाल आपला वाटत नाही ना, तसा मी पूर्ण झालो होतो. डोक्यापासून चपलेपर्यंत.

प्राचीवहिनी, म्हणजे दादाची बायको, तीही रडली नाही. महिनाभर तिने फक्त डबे केले. मग एके दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "गाडीत वायरलेस बसव."

"पोलिसांसारखा?"

"कसाही. त्या रस्त्याला परत कोणी हात वर करून धावायचं नाही."

म्हणून मी उल्हासनगरला गेलो. एका सिंधी शेठच्या दुकानात सीबी रेडिओ मिळाला. ट्रकवाले बोलतात तसला, बटण दाबून. एक सेट गाडीत, एक बदलापूरच्या गोडाऊनवर. सेट पटकन ठरला. अँटेनावर अर्धा दिवस गेला.

शेठने आधी नऊ फुटी स्टीलची काठी काढली. "साईं, ये राजा है. इससे ऊपर कुछ नहीं."

"शेठ, स्टेशनजवळच्या कमानीला अडकेल."

"तो कमान गिरेगी, अँटेना नहीं."

मी चार फुटी घेतला, खाली लोहचुंबकवाला. टपावर ठेवला की चिकटतो. शेठ जरा नाराज झाला. "ठीक है. राजा नहीं, तहसीलदार है."

बसवायला हरिचंद्रकाकांना बोलावलं. काका आमच्याच गल्लीतले. अंबरनाथच्या फॅक्टरीत तेहतीस वर्षं नोकरी, आता रिटायर. रेडिओचा नाद. त्यांच्या गच्चीवर इतक्या तारा आहेत की कबुतरं वळसा घालून जातात.

काका म्हणाले, "मोकळं मैदान पाहिजे. गल्लीत पत्रे फार. रीडिंग खोटं येतं."

म्हणून ते मैदान. म्हणून ती म्हैस.

काकांनी अँटेना टपाच्या बरोबर मधोमध ठेवला. "नुसती काठी म्हणजे अर्धा अँटेना," ते म्हणाले. "उरलेला अर्धा म्हणजे खालचा पत्रा. म्हणून मध्यावर. कळलं?"

"हो."

"नाही कळलं. असू दे."

रेडिओ आणि अँटेनाच्या मध्ये त्यांनी एक छोटा मीटर जोडला. काट्याचा. तुम्ही बटण दाबलं की जेवढी पॉवर अँटेनातून बाहेर न जाता परत येते, तेवढा काटा वर चढतो. दीडच्या खाली, म्हणजे उत्तम. तीन, म्हणजे सेट जळतो. मला समजलं ते इतकंच.

मी केबिनमध्ये बसलो. दारं बंद. काका दहा पावलं लांब गेले. मी बटण दाबलं.

दोन पॉइंट सहा.

"काका, दोन पॉइंट सहा."

"अँटेनाजवळ कोण उभं आहे?"

"कोणी नाही."

"असणार. माणूस जवळ उभा राहिला की अँटेना बिघडतो. अंगात पाणी असतं आपल्या. बघ मागे."

मी मागच्या काचेतून पाहिलं.

हौदा रिकामा...

"म्हैस?" काका म्हणाले.

म्हैस पिचवर होती. मधल्या यष्टीवर. हलली नव्हती.

काकांनी वायर तपासली. जोड तपासले. मग अँटेना काढून स्वतःच्या जुन्या मारुतीवर लावला. एक पॉइंट दोन. मी मुद्दाम मारुतीला चिकटून उभा राहिलो. दोन पॉइंट सहा. लांब झालो. एक पॉइंट दोन.

"बघ," काका म्हणाले. "एका माणसाचा फरक. बरोब्बर एका माणसाचा."

परत पिकअपवर लावला.

दोन पॉइंट सहा.

काकांनी अँटेना उचलून बॉनेटवर ठेवला, पार पुढे. बॉनेटवर तसाही थोडा जास्त येतो म्हणे, पण एक पॉइंट सात आला. चालण्यासारखा. काका हसले. मी बटण दाबूनच ठेवलं होतं.

एक पॉइंट सात...

एक पॉइंट नऊ...

दोन पॉइंट दोन...

दोन पॉइंट सहा.

सावकाश. कोणीतरी उतरून, गाडीला वळसा घालून, बघायला आल्यासारखं.

मला घाम नाही फुटला. खरंच सांगतो. मला फक्त आठवलं की दादा असाच होता. कुठेही कोणी नट खोलत असेल, हा जाऊन उभा. लोकांची पंक्चर बघायला थांबायचा. एकदा माझ्या वरातीला उशीर झाला होता... माझ्या नाही, गिऱ्हाइकाच्या. कारण दादा रस्त्यावर एका क्रेनकडे बघत बसला होता.

मी काच खाली केली आणि म्हणालो, "दादा, जरा बाजूला हो ना."

काटा खाली आला.

एक पॉइंट सात.

मैदानात आवाज नव्हता. वाऱ्याचा नाही, गाड्यांचा नाही. म्हशीचाही नाही. काकांनी खिशातून बिस्किटाचा पुडा काढला. एक खाल्लं. एक मला दिलं. मग काटा परत चढला.

काकांकडे एक डायरी असते. ते त्यात लिहायला लागले. मी डोकावलो. "रीडिंग २.६. कारण : कैलास."

"काका, असं लिहितात का?"

"तेहतीस वर्षं रीडिंग घेतली मी. रीडिंगशी भांडायचं नसतं. कारण लिहायचं आणि सही करायची."

त्यांनी सही केली. सही नेहमीचीच होती.

घरी आलो. वहिनीला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. तिने ताट वाढलं आणि मी सगळं सांगितलं.

तिने आमटी ढवळली.

"कुठल्या बाजूला उभे आहेत?"

"मीटरला बाजू कळत नाही, वहिनी."

"डावीकडेच असतील. उजव्या हाताने दांडा धरतात ते." मग म्हणाली, "दोन महिने उन्हातान्हात उभे आहेत, प्रज्वल. तू रोज गाडी चालवतोस आणि ते मागे उभे आहेत. तू थांबवत नाहीस म्हणून उतरत नाहीत."

"मी थांबवतो ना. सिग्नलला पण थांबवतो."

"त्यांच्यासाठी नाही थांबवत." तिने गॅस बंद केला. "उद्या त्यांना खाली उतरवायचं. बाकी मला काही नको. रेडिओ पण नको."

दुसऱ्या दिवशी, बुधवार, तीच वेळ, तेच मैदान. वहिनीही सोबत आली. काका म्हणाले, जागा बदलली तर रीडिंगला अर्थ राहत नाही. म्हैससुद्धा तीच होती, याबद्दल त्यांनी समाधान व्यक्त केलं.

अँटेना टपावर. दोन पॉइंट सहा.

काकांनी हौद्याचा मागचा फाळका पाडला. उतरायला सोपं जावं म्हणून खाली प्लास्टिकचं स्टूल ठेवलं. मग विचार करून स्टूल हाताने धरलं, डगमगू नये म्हणून. रिकामं स्टूल धरून वाकलेला अडुसष्ट वर्षांचा माणूस. रस्त्यावरून जाणाऱ्या एका रिक्षावाल्याने रिक्षा हळू केली, बघितलं, आणि जोरात नेली.

मी म्हणालो, "दादा, आलं ठिकाण. उतर."

दोन पॉइंट सहा.

"दादा, मी थांबवलीय गाडी. सॉरी. उशीर झाला."

दोन पॉइंट सहा.

मग वहिनी म्हणाली, "काका, सरका." तिने स्टुलावर पाय ठेवला आणि हौद्यात चढली. चपला खालीच काढल्या होत्या. ती चालत केबिनपर्यंत आली. डावीकडे जागा सोडून उजवीकडे उभी राहिली. दांड्यावर हात ठेवला. तिचा खांदा आणि अँटेना, मध्ये जेमतेम एक हात.

काका माझ्या खिडकीशी आले आणि कुजबुजले, "आता तीनच्या वर जाईल. दोन माणसं झाली. पटकन दाब आणि सोड, नाहीतर सेट जळेल." मग ते दहा पावलं लांब गेले. आकडे मी ओरडून सांगायचे.

मागच्या काचेतून मला वहिनीचे ओठ हलताना दिसत होते. ती बोलत होती. बाजूला बघून. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. आणि नंतर मी विचारलं नाही.

मी बटण दाबलं.

तीन पॉइंट एक.

सोडलं. परत दाबलं.

तीन पॉइंट एक...

दोन पॉइंट सहा...

"एक कमी झाला!" काका ओरडले. "उतरला! प्रज्वल, उतरला रे!"

त्यांनी टाळी वाजवली. मला काहीतरी वाटलं, दोन महिन्यांत पहिल्यांदा. छातीत, डाव्या बाजूला, मुंग्या आल्यासारखं. माझं बोट बटणावरच होतं.

आणि काटा परत हलला.

दोन पॉइंट दोन...

एक पॉइंट सात...

एक पॉइंट दोन.

काकांची टाळी अर्ध्यात थांबली.

एक पॉइंट दोन म्हणजे हौद्यात कोणी नाही.

मी मान वळवली. काचेपलीकडे वहिनी उभी होती. दांड्यावर हात. पदर वाऱ्याने हलत होता. अँटेनापासून एक हात.

काटा एक पॉइंट दोनवर.

काका स्वतः वर चढले. दोन पॉइंट सहा. उतरले. एक पॉइंट दोन. मग त्यांनी मला चढवलं आणि स्वतः बटण दाबलं. दोन पॉइंट सहा. उतरलो. एक पॉइंट दोन. हा सगळा वेळ वहिनी तिथेच उभी होती, तशीच. मीटरने तिला एकदाही मोजलं नाही.

तीन वेळा केलं. काकांनी डायरी उघडली. रीडिंग लिहिलं. "कारण" लिहिलं. त्यापुढे पेन टेकवून ठेवलं आणि मग डायरी बंद केली. सही न करता.

"गेले का ते?" वहिनीने वरून विचारलं.

"हो," मी म्हणालो.

"नीट उतरले?"

"हो."

"मग चला. दूध आणायचंय."

ती स्टुलावरून उतरली, चपला घातल्या आणि माझ्या शेजारी येऊन बसली. बुवापाड्यापर्यंत खिडकीबाहेर बघत होती. चेहरा शांत. इतका शांत मी तो आधी पाहिला नव्हता.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं.

रेडिओ झकास चालतो. फार्महाऊसवरून बटण दाबलं की गोडाऊनवर खणखणीत आवाज. हौद्यात आता मी कोणाला उभं राहू देत नाही. सामान बांधतो, दोन दोन दोऱ्यांनी.

वहिनी ठीक आहे. हसते सुद्धा. सकाळी डबा देते तेव्हा मी मुद्दाम तिच्या बोटांना बोट लागू देतो. बोटं गरम असतात. सावली पडते, मी पाहिली आहे. आरशात दिसते. भाजीला मीठ बरोबर असतं. शेजारच्या राजाबाई तिच्याशी भांडतात, म्हणजे त्यांनाही ती दिसते.

सगळं बरोबर आहे.

मागच्या आठवड्यात काका गल्लीत भेटले. आमच्या घरी ते येत नाहीत आता. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तो मीटर जुना होता रे. बिघडला असेल. माझ्याकडे नवा आलाय, डिजिटल. एकदा आणू का घरी? दोन मिनिटांचं काम. वहिनीला कळणारही नाही."

वर खिडकीत वहिनी उभी होती. कपडे वाळत घालत होती. तिने खाली बघून विचारलं, "काय म्हणतात काका?"

मी काकांना म्हणालो, "नको."