एकाच दारची मोळी

आधी मी, की आधी तू... मानवजातीची सारी प्रेमं आणि सारी भांडणं याच एका प्रश्नावर उभी आहेत. निदान तिर्सोचं तरी तसं मत होतं. वाक्यात 'मी' आधी येतो की 'तू', एवढं तपासायलाच मनिलाच्या विद्यापीठानं त्याला तैवानच्या या किनाऱ्यावर धाडलं होतं.

नाकावच्या सुपारीच्या टपरीवर तो आला तो पंक्चर झालेली स्कूटर ढकलत. घाम पुसला, तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "'मी तुला पाहिलं'... तुमच्या आमिस भाषेत कसं म्हणता?"

सुपारी चिरणारी नाकावची सुरी थांबली. अशी सुरुवात करणारे तिनं बरेच पाहिले होते. पण मागोमाग वही काढणारा हा पहिलाच.

"आधी 'मी', मग 'तू'," ती म्हणाली. "जो करतो तो पुढं. ज्याला भोगावं लागतं तो मागं."

"आमच्या तागालोगमध्ये आखूड शब्द आधी बसतो."

"म्हणजे बुटक्यांचं राज्य म्हणा की!"

तो हसला, आणि रोज येऊ लागला. 'तू मला हाक मारलीस'... 'मी तुझी वाट पाहिली'... प्रत्येक वाक्यानंतर असा बघायचा, की सुरी बोटाला चाटून जायची.

मग शेजारची विधवा लिसिन येऊन लाजली. "अगं, माझीही वाट पाहिली त्यानं. तीनदा!"

दुसऱ्या सकाळी नाकावच्या दारात लाकडाची मोळी! ज्याला घरजावई व्हायचंय त्यानं मुलीच्या दारी लाकूड टाकायचं, ही गावची रीत. आई मोळीभोवती कौतुकानं फिरत होती. नाकाव मात्र तडक गल्लीत शिरली आणि नऊ दारं तपासून आली... लिसिनचं दोनदा. मोळी कुठंच नव्हती. सगळीकडे नुसते बिस्किटांचे डबे, वाक्यं सांगितल्याबद्दल तिर्सोनं दिलेले.

तरी खात्री पटेना. तिर्सो टपरीवर येताच तिनं वही हिसकावली. लिसिनच्या पानावर 'मी तुझी वाट पाहिली', खाली बारीक टिपणं. नाकावच्या पानावर नुसती तारीख.

"माझं वाक्य कुठंय?"

"ते..." त्याचे कान लाल झाले. "ते अभ्यासासाठी नव्हतं."

"आणि मोळीची रीत कुणी सांगितली?"

"तुझ्या आईनं. झाडंही त्यांनीच दाखवली."

नाकावनं वही मिटून परत दिली. मग एक सुपारी उचलून तिनं त्याच्या झोळीत टाकली. पसंती अशीच कळवतात, हेही आईनं सांगून ठेवलेलं दिसलं. कारण तो आनंदानं रडायच्या बेतात आला.

"रडतोस काय—" ती म्हणाली. "उद्या जरा सुकी लाकडं आण. ही नुसती धुमसतायत. सकाळपासून चहा झालेला नाही."