परवानगी

विश्वास बसो न बसो, हे घडलंय. सांगणाऱ्या ताई झुरळाला घाबरतील, भुताला नाही, अशा बाई.

हिवाळ्याचे दिवस. दिवेलागणीची वेळ. जागा, त्यांच्याच घराची गच्ची.

ताईंचे वडील हवाई दलातले मोठे अधिकारी. युद्धात अख्खा तळ त्यांच्या हाताखाली. छातीवर पदकं मावायची नाहीत, पण घरात युद्धाबद्दल चकार शब्द नाही.

फक्त रोज संध्याकाळी बाबा गच्चीवर जायचे आणि आकाशाकडे बघून म्हणायचे, "उतरा. धावपट्टी मोकळी आहे."

म्हातारपणाचे चाळे, म्हणून ताई हसण्यावारी न्यायच्या.

एकदाच बाबांनी कारण सांगितलं होतं. शत्रूची विमानं डोक्यावर आली, तेव्हा त्यांनी तळावरचे सगळे दिवे विझवायला लावले. आपलं एक विमान अजून वरच होतं. वैमानिक रेडिओवर विचारत राहिला, उतरू का? परवानगीशिवाय उतरायचं नाही, हा बाबांचाच कडक नियम. बाबा गप्प राहिले. पोरगा नियम पाळत घिरट्या घालत राहिला... इंधन संपेपर्यंत.

पुढे बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली.

त्याच संध्याकाळी...

घरघर.

ताई गच्चीवर धावल्या. आकाश स्वच्छ. एकही विमान नाही. शेजारच्या गच्चीवरची बाई निवांत कपडे काढत होती, तिला काहीच ऐकू येत नव्हतं.

आवाज मात्र डोक्यावरून जायचा... वळायचा... परत यायचा.

खाली पलंगावर बाबा नुसते ओठ हलवत होते. डोळ्यांतून धारा.  शेवटी ताईच वर जाऊन म्हणाल्या, "उतरा. धावपट्टी मोकळी आहे."

घरघर थांबली नाही. तिथे हुकूम एकाच माणसाचा चालत होता, आणि तो मुका झाला होता.

थोड्याच दिवसांत बाबा गेले. खरं सांगायचं तर ताईंना सुटल्यासारखं वाटलं. आता तरी हे संपेल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या गच्चीवर गेल्या. सगळं शांत होतं.

मग... घरघर.

आणि त्या घरघरीतून बाबांचा आवाज. अगदी स्पष्ट.

"उतरू का?"

घसा बसेपर्यंत ताई हो म्हणत राहिल्या.

"उतरू का?"

अजूनही ते रोज विचारतात. ताई रोज हो म्हणतात. वर काही पोचत नाही.

शेजारीपाजारी आता ताईंना हसतात. म्हातारपणाचे चाळे, म्हणतात.